रद्द पानाची मागची बाजू

आमच्या कंपनीत नीतिमत्ता कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. मुख्य कार्यालयातून पत्र आलं, की प्रत्येक विभागाने एक नीतिमत्ता अधिकारी नेमावा. डहाणू रोडच्या आमच्या ऑफिसात त्या पत्रावर सगळ्यांनी 'पाहिले' म्हणून सह्या ठोकल्या आणि ते फिरत फिरत आस्थापना विभागात माझ्या टेबलावर येऊन बसलं. मी बापडी रजेच्या आणि बढत्यांच्या फायली सांभाळणारी बाई. पण माझ्या तोंडाला लोक घाबरतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मूळची समुद्रकाठच्या चिखल्याची. आई टोपली डोक्यावर घेऊन मासे विकायची, त्यामुळे आवाज खाली ठेवायची सवय आमच्या घरात कुणालाच लागली नाही. "हिलाच द्या," असं ठरलं आणि दिली.

कंपनी वीज वाटणारी. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. घरी नवऱ्याला कळलं तेव्हा तो दोन दिवस मला "अहो नीतिमत्ता, जेवायला वाढा" म्हणत होता. तिसऱ्या दिवशी मी वाढलं नाही, मग थांबला.

पहिलं काम प्रशिक्षणाचं. त्यासाठी लागणारी चित्रं वरून आली होती. चित्रांत टाय लावलेली माणसं एकमेकांना पाकिटं देत होती. तलासरीच्या उपकेंद्रात ती मी भिंतीवर दाखवली, तर एक लाईनमन म्हणाला, "मॅडम, असा टायवाला पाड्यावर आला तर आम्हीच त्याला चहा पाजू." सगळे खो खो हसले. मग दुसऱ्याने विचारलं, की काम झाल्यावर पाड्यावरची माणसं ताडगोळे हातात देतात, ते घ्यायचे की नाही? नाही घेतले तर पुढच्या खेपेला शिडी धरायला कुणी येत नाही. याचं उत्तर चित्रांत कुठेच नव्हतं. मी प्रोजेक्टर बंद केला आणि सांगितलं, "तिथेच बसून, देणाऱ्यासोबत खा. पिशवीत घालून घरी आणू नका." हे त्यांना पटलं. मला वाटतं, त्या दिवशी तेवढीच एक गोष्ट त्यांना पटली.

दुसरं काम पेटीचं. प्रत्येक ऑफिसात आणि उपकेंद्रात एक लोखंडी पेटी लावायची, तिला कुलूप, किल्ली फक्त माझ्याकडे. ज्याला काही चुकीचं दिसेल त्याने चिठ्ठी लिहून टाकायची, नाव घालायचं नाही. तलासरीला मागून कुणीतरी विचारलं, "नाव खरंच कळणार नाही ना?" मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "माझी नोकरी जाईल, पण नाव जाणार नाही." बोलून गेले. जिभेला हाड नसलं की असंच होतं.

सुरुवातीचे काही महिने पेटीत काय काय निघालं म्हणून सांगू! गुटख्याच्या पुड्या, एक लग्नपत्रिका, संडासाची कडी तुटल्याची तक्रार, ती दोन वेळा, आणि चहावाला दुधात पाणी घालतो हे गुजरातीत. मी प्रत्येकाची रीतसर नोंद केली. कडी लावून घेतली. लग्नालाही जाऊन आले.

मग एका सोमवारी तलासरीच्या पेटीतून ते पत्र निघालं.

त्यात काय होतं ते कळायला आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. विजेच्या खांबावर चढायच्या आधी लाईनमनने उपकेंद्रात जाऊन परमिट घ्यायचं असतं. तिथला ऑपरेटर आधी ती लाईन बंद करतो, बंद झाली याची खात्री करतो, आणि मगच सही केलेलं परमिट लाईनमनच्या हातात देतो. काम संपलं की लाईनमनने ते परत आणून द्यायचं. ते हातात आल्याशिवाय लाईन चालू करायची नाही. एवढ्या एका कागदावर माणसाचा जीव असतो.

पत्रात लिहिलं होतं, की तलासरीला परमिटांवर आधीच सह्या होतात. सही केलेली कोरी परमिटं लाईनमनच्या पिशवीत पडून असतात, कारण दूरच्या पाड्यावरून उपकेंद्रात येऊन परत जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. म्हणून सगळं फोनवर चालतं. "बंद केली का?" "केली." "चढतो." आणि पाड्यावर रेंज कधी असते, कधी नसते. शेवटी लिहिलं होतं, 'एक दिवस कुणीतरी मरेल. साहेबांना हे माहीत आहे.'

पत्र मी दोनदा वाचलं. पाणी प्यायले. मग पत्र घडी घालण्यासाठी उलटं केलं.

मागच्या बाजूला लॉगशीट होतं. उपकेंद्रातला ऑपरेटर दर तासाला मीटरचे आकडे ज्या छापील कागदावर लिहितो, ते. तारीख, दुसरी पाळी, ओळीने आकडे, आणि खाली ऑपरेटरचं पूर्ण नाव आणि सही. वरून दोन तिरक्या रेघा मारून 'रद्द' लिहिलेलं. म्हणजे बघा, पुढून निनावी, मागून सहीसकट!

"अरे देवा, हे काय करून ठेवलंस," मी मोठ्यानेच बोलले. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, काय झालं? म्हटलं, दाढ दुखतेय.

तो माणूस मला माहीत होता. चाळिशीचा, तलासरीकडच्याच एका पाड्यावरचा, शांत. कंत्राटी. आमच्याकडे कायम माणसाचं चुकलं तर त्याला नोटीस येते, कंत्राटी माणसाला फोन येतो, "उद्यापासून येऊ नको." बस्स. आणि इथे तर दुहेरी पंचाईत होती. साहेबांविरुद्ध तक्रार करणारा तो, आणि कोऱ्या परमिटांवर सही करणाऱ्या चार ऑपरेटरांमधलाही एक तोच. नाव बाहेर पडलं तर त्याला वाचवायला देवसुद्धा आला नसता.

नियम असा होता, की पेटीतलं पत्र तीन दिवसांत स्कॅन करून वर पाठवायचं, दोन्ही बाजू. हा नियम मीच प्रशिक्षणात घसा ताणून सांगितला होता. मी त्या दिवशी नियम मोडला. पत्र अक्षरशः जसंच्या तसं टाईप केलं आणि नक्कल पाठवून दिली. मूळ कागद कपाटात, चावी पर्समध्ये.

नकलेने एक काम मात्र फटक्यात केलं. दोनच दिवसांत वरून आदेश आला आणि तलासरीची सगळी कोरी परमिटं गोळा करून फाडली गेली. लाईनमन शिव्या घालत उपकेंद्रात येऊ लागले, परमिट हातात घेऊ लागले. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धा अजून टांगणीला होता, कारण चौथ्या दिवशी मुख्य कार्यालयातून फोन आला. एक बाई होत्या, आवाज अगदी गोड. "मॅडम, टाईप केलेली प्रत चालत नाही. मूळ हवी, दोन्ही बाजू, रंगीत. नाहीतर उद्या कुणी म्हणेल की हे तुम्हीच लिहिलंय."

"मी?" माझा आवाज चढला. "मला काय साहेबांशी वैर धरायचंय?"

"तसं नाही हो, प्रोसिजर आहे," त्या म्हणाल्या. मी पाठवलंही असतं, पण वर पाठवलं म्हणजे झाकून राहतं असं नाही. आमच्याकडे वर गेलेलं सगळं दोन दिवसांत खाली येतं, माझी नक्कलही तशीच साहेबांपर्यंत आली होती.

मी विचार केला, पत्र ज्याचं आहे त्याला तरी विचारावं. पेट्या तपासायच्या निमित्ताने जीप घेऊन तलासरीला गेले. दुपारची पाळी त्याचीच होती. कंट्रोल रूममध्ये तो एकटा. मी पाणी मागितलं, त्याने दिलं, मग मी कपाटातून आणलेला तो कागद पर्समधून काढून आकड्यांची बाजू वर करून टेबलावर ठेवला.

त्याने पाहिलं. चेहरा इतका उतरला, की मलाच वाटलं आपण काहीतरी पाप करतोय.

"ही बाजू तुम्ही वाचली?" त्याने विचारलं.

"वाचली म्हणजे? डोळे आहेत मला!"

"पण मॅडम, ती रद्द आहे."

"अहो भाऊ, रद्द झाली म्हणजे काय पुसली गेली? सही दिसतेय ढळढळीत!"

त्याला खरंच कळत नव्हतं. मला समजावून सांगायला लागला, अगदी मनापासून. लॉगशीटवर खाडाखोड चालत नाही. एक आकडा चुकला तरी दोन रेघा मारून पान रद्द करायचं आणि दुसऱ्यावर पहिल्यापासून उतरवायचं. रद्द झालेल्या पानाकडे मग कुणी बघत नाही. साहेब नाही, तपासणीवाले नाहीत. त्या पानांवर ते लोक भाकरी बांधतात, कपाटात अंथरतात, बाजाराची यादी करतात. त्याच्या हिशेबी ते पान म्हणजे कोरा कागद होता, एका बाजूने थोडा मळलेला. "इथे दुसरा कागद मिळतो कुठे?" तो म्हणाला. मला हसावं की रडावं कळेना. उपकेंद्रात वर्षानुवर्षं घासलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

"हे बघा," मी म्हटलं, "पत्र तुमचं आहे. मागे घ्यायचं असेल तर आत्ता घ्या. मी फाडून टाकते, माझं काय व्हायचं ते होवो."

तेवढ्यात तास भरला. तो उठला, एकेका मीटरपुढे उभा राहून आकडे घेतले, लॉगशीटवर उतरवले. मी तोवर नखं खात बसले होते. परत येऊन म्हणाला, "मागे नाही घेत. लिहिलंय ते खरं आहे. पण नाव नको, मॅडम. घरात पगार आणणारा मी एकटा. बायकोला पण सांगितलेलं नाही."

"नाही जाणार नाव," मी म्हटलं. जीपमध्ये बसल्यावर स्वतःलाच म्हटलं, बाई, दुसऱ्यांदा शब्द देऊन बसलीस. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तलासरीचा सगळा कारभार बघणारे अभियंता, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, एरवी बोलायला बरे. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, पत्र देऊ नका. फक्त अक्षर बघू द्या. लांबूनच."

"लांबून नाही, जवळून नाही, चष्मा लावून नाही आणि काढूनही नाही."

"माझ्यावर तक्रार आहे. मला हक्क नाही?"

"तक्रारीत काय आहे ते तुम्हाला कळलंय. खरं आहे की खोटं, एवढं सांगा."

ते उठले. चहा अर्धा टाकून निघून गेले. जाताना दारात थांबून एकदा मागे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस एकेका ऑपरेटरला बोलावून खोदून खोदून विचारणार. त्या रात्रीपासून माझी झोप उडाली ती उडालीच. नवरा म्हणाला, "दुसऱ्याची नीतिमत्ता सांभाळायला निघालीस, आता भोग." पण सकाळी चहा त्यानेच केला.

मग मी वर उत्तर लिहिलं. पहिल्या खर्ड्यात मोठी हुशारी केली होती. आपल्याच नियमानुसार रद्द केलेलं पान हा पुरावा धरता येत नाही, सबब मागील बाजू जोडलेली नाही, वगैरे. वाचून बघितलं तर माझा मलाच राग आला. ही तर पळवाट! नीतिमत्ता अधिकारी म्हणे, आणि वकिलासारख्या सबबी शोधतेय. मी ते फाडलं आणि सरळ लिहिलं: 'पुढील बाजू जोडली आहे, ती खाली पाठवू नये. मागील बाजू पाठवणार नाही. त्यावरून तक्रारदार ओळखू येतो आणि त्याला मी कंपनीच्या वतीने शब्द दिला आहे. पेटी ठेवायची असेल तर शब्दही ठेवावा लागेल. नाहीतर दोन्ही काढून घ्यावीत आणि माझ्यावर योग्य ती कारवाई करावी.' पाठवलं आणि मग भीती वाटली. आधी वाटली असती तर पाठवलंच नसतं.

पंधरा दिवस काही नाही. प्रत्येक फोन मी पहिल्या घंटेलाच उचलायची. तलासरीहून कुणी आलं की मी सहज विचारल्यासारखं विचारायची, "काय, सगळे बरे आहेत ना? तेच चौघे आहेत ना पाळीला?" लोकांना वाटलं मॅडमना अचानक माया फुटली.

सोळाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं. 'मूळ पत्राची पुढील बाजू ग्राह्य धरण्यात येत आहे. प्रकरण बंद.' कारवाई नाही, काही नाही. त्या गोड आवाजाच्या बाईंनी खाली एक ओळ स्वतःची जोडली होती, की पुढच्या नियमावलीतून 'दोन्ही बाजू' हे शब्द काढून टाकतोय. मी ऑफिसातच जोरात टाळी वाजवली. बाजारातून तीन किलो चिकू आणून सगळ्यांना वाटले. कशाबद्दल ते सांगितलं नाही. कुणी म्हणालं बढती झाली असेल, कुणी म्हणालं सून ठरली असेल. म्हटलं, खा गपचूप.

त्याच आठवड्यात साहेब पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, ते पत्र कुणाचं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मी कपाटाकडे पाहिलं. कुलूप होतं.

"तुमच्याकडून नाही कळलं," ते म्हणाले. "तो माझ्याकडे आला होता. एकदा पावसाळ्याच्या आधी, एकदा गणपतींनंतर. साहेब, कोऱ्या परमिटावर सही करायला लावू नका, म्हणाला. मी त्याला म्हटलं, सगळीकडे असंच चालतं, तू आकडे लिही. तुमची नक्कल वाचली तेव्हाच कळलं, तिसऱ्यांदा तो पेटीकडे गेला."

"मग अक्षर कशाला बघायचं होतं तुम्हाला? माझा जीव काढलात की हो तुम्ही!"

"दुसऱ्या कुणाचं तरी असावं, असं वाटत होतं," ते म्हणाले. "म्हणजे मी ऐकलं नाही म्हणून त्याला पेटीकडे जावं लागलं, असं तरी झालं नसतं."

मी इतके दिवस साठवलेलं सगळं त्यांच्यावर ओतलं. म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं तर एक शब्द बोलता आला नाही? मी इथे देव पाण्यात घालून बसले, तो बिचारा तिथे रोज नोकरी जाण्याची वाट बघतोय. त्यांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही त्याला सांगाल का, की काळजी करू नको? पुढच्या वेळी थेट माझ्याकडे ये म्हणावं."

"मी का सांगू? तो दोनदा आला होता ना तुमच्याकडे? तुम्ही एकदा जा त्याच्याकडे."

मला वाटलं चिडतील. पण त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दुपारी त्याची पाळी आहे. तुम्ही येता?"

एकाच जीपने आम्ही तलासरीला गेलो. कंट्रोल रूममध्ये तो आकडे लिहीत होता. साहेबांना बघून उभा राहिला. "लिही, लिही, पूर्ण कर," साहेब म्हणाले आणि तो शेवटचा आकडा लिहून होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "परमिटांबद्दल तू बरोबर होतास. माझं चुकलं."

त्याने साहेबांकडे पाहिलंच नाही. आधी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी सहन केलं असतं. पण तो नुसता बघत राहिला, की तुम्ही पण, मॅडम?  मला काही बोलता येईना. मला, जिचं तोंड कधी बंद नसतं तिला.

"मॅडमनी सांगितलेलं नाही," साहेब म्हणाले. "मी जाऊन मागितलं होतं, त्यांनी हाकलून दिलं. मला तूच सांगितलं होतंस. दोनदा. मी ऐकलं नव्हतं."

त्याने हातातलं पेन लॉगशीटवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "हो साहेब. मी सांगितलं होतं." आणि मला म्हणाला, "बसा ना मॅडम. उभ्या का? पाणी देऊ?"

मी पाणीही घेतलं नाही. तशीच बाहेर आले आणि यार्डात ट्रान्सफॉर्मरच्या घुमणाऱ्या आवाजात, पदर तोंडाला लावून, चांगली मनसोक्त रडले. ड्रायव्हर घाबरून धावत आला. "मॅडम, काय झालं? आत कुणाला काय झालं का?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "कुणाला काही झालं नाही. कुणालाच नाही."